आमच्या आगगाडीखालची माती

चित्रकलेच्या तासाला जमीन रंगवावयाची वेळ आली, म्हणजे बहुतेकांचा हात पेटीतल्या तपकिरी वडीकडे जातो. आकाश निळे, झाड हिरवे आणि जमीन तपकिरी, हा नियम आम्हांला कोणी शिकविला ते सांगता येणार नाही. परंतु तो इतका अंगवळणी पडलेला असतो, की खिडकीबाहेरच्या जमिनीकडे एकदा मान वळवून पाहावे असे कोणाच्या मनातही येत नाही. यंदाच्या प्रदर्शनासाठी इयत्ता नववीच्या आम्हां सात जणांनी आगगाडीची प्रतिकृती करावयास घेतली, आणि त्या निमित्ताने या तपकिरी वडीशी आमचे जे भांडण झाले, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे. इंजिने, डबे व विजेची जोडणी यांविषयी ज्यांनी ती कामे केली त्यांनी लिहावे. आमच्या वाट्याला माती आली.

प्रतिकृतीचा विषय ठरविण्यास फार वेळ लागला नाही. आम्हां सातांपैकी तिघांची घरे बेळगावच्या पूर्वेकडील रानात, बैलहोंगल-घटप्रभेच्या बाजूची, आणि चौघांची पश्चिमेकडील, खानापूर-लोंढ्याकडची. तेव्हा घटप्रभेपासून निघून बेळगाव, खानापूर, गुंजी, लोंढा, तिनईघाट, कॅसल रॉक असे करीत दूधसागरच्या पुलापर्यंत जाणारा लोहमार्ग घ्यावा, म्हणजे सर्वांची गावे आसपास येतील, असा विचार झाला. यातील शेवटचा टप्पा म्हणजे ब्रागांझा घाट. मुरगावापासून कॅसल रॉकपर्यंतचा मार्ग १८८८ साली पुरा झाला. तो मीटरगेज होता. १९९०च्या दशकात त्याचे ब्रॉडगेज झाले. घाटात ३७ फूट पुढे गेले की १ फूट चढ, असा खडा चढाव आहे. आगगाडीच्या दृष्टीने ही जवळजवळ भिंतच.

बाजारात मिळणाऱ्या गाड्या मूळ आकाराच्या ८७व्या हिश्श्याच्या असतात. या प्रमाणाला धरून हिशेब केला, तेव्हा एकट्या दूधसागराला, तो सुमारे ३१० मीटर उंच असल्यामुळे, साडेतीन मीटरांहून अधिक उंची द्यावी लागली असती, आणि सुमारे २६ किलोमीटरांच्या घाटाला शाळेच्या मैदानाबाहेर जाणारे ३०० मीटर लांबीचे टेबल. आमच्यापाशी १२ फूट लांब व ३ फूट रुंद फळी होती. त्यामुळे अंतरे आखडावी लागली. रुळांचीही तीच गोष्ट. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. तिला ८७ने भागले तर १९ मिलिमीटरांहून थोडी अधिक येते, आणि दुकानात मिळतो तो रूळ १६.५ मिलिमीटरांचा. अंतराची उणीव फळीची होती आणि रुळाची उणीव बाजाराची. माती मात्र पायांखाली फुकट पडलेली होती. ती खोटी निघाली असती तर त्याचे खापर फोडावयास दुसरे कोणी सापडले नसते.

पहिला वाद फळीवर मुळी माती पडण्यापूर्वीच झाला. बैलहोंगलकडचा आमचा मित्र म्हणाला, “जमीन काळी.” गुंजीकडची मैत्रीण म्हणाली, “जमीन लाल.” दोघांनाही आपण एखाद्या विशिष्ट जमिनीविषयी बोलत आहो असे वाटत नव्हते, ‘जमीन’ या शब्दाचा अर्थच प्रत्येकाच्या घरी वेगळा होता. प्रदर्शनाला दोन्हीकडची माणसे येणार होती. रस्त्यांच्या, गावांच्या पाट्या आम्ही वाटेल तेवढ्या लावल्या असत्या. परंतु ज्या मातीत हात घालून आयुष्य काढले ती माती ओळखू आली नाही, तर पाटी वाचून कोणाचे समाधान होणार?

आमच्या विज्ञानाच्या सरांनी वाद मिटविण्याऐवजी तो अधिक खोल नेला. बेळगावच्या पूर्वेस पसरलेली काळी जमीन ही बहुतेक बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातील चिकण पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. म्हणून चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पश्चिमेकडे पाऊस वाढत जातो. शतकानुशतके कोसळणाऱ्या पावसाने खडकातील वाळूचे मूलद्रव्य धुऊन नेले आणि मागे लोहाचे व ॲल्युमिनियमचे गंज ठेवले. तोच आपला जांभा दगड व त्याची तांबडी माती. म्हणजे एक रंग खडकाने दिला, दुसरा पावसाने. तालुक्याची हद्द कोठेही असो, काळ्याचे तांबडे होते ते या हिशेबाने होते; आणि तेही रेघ मारल्यासारखे नव्हे. बेळगावच्या आसपास तर एकाच पायवाटेवर दहा मिनिटांत दोन्ही रंग पायांना लागतात.

दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपापल्या रानातून, घरच्यांना विचारून, एकेक डबा माती आणली. घाटातील माती आणावयाची नाही असे सरांनी बजावले होते. तो मुलूख अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात मोडतो, आणि रुळांवरून चालणे तर धोक्याचे व बेकायदेशीर. घाटापुरते डोळे वापरावयाचे ठरले. काव, पिवडी, राख, चुना व काजळी कमीअधिक मिसळून आम्ही पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर वीस रंग उतरविले, त्यांना अंक दिले, आणि एका रविवारी दोघांनी गाडीच्या खिडकीशी बसून ती पट्टी बाहेरच्या जमिनीशी ताडून पाहिली. लोंढ्यापर्यंत अंक भराभर टिपले गेले. पुढे जंगल इतके दाट झाले, की बाहेर माती आहे की नाही याचाच संशय यावा.

आणलेली माती सात ताटल्यांत मांडून आम्ही एक परीक्षा घेतली. ताटल्यांवर नावे नव्हती. पालकसभेला आलेल्या वडीलधाऱ्यांना ही माती कोठली, एवढेच विचारावयाचे. काळी माती सर्वांनी ओळखली. लालही ओळखली. एका आजींनी मात्र ताटलीवर बोट टेकवून आम्हांलाच उलट प्रश्न केला, “कुठल्या महिन्यातली रे ही?”

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आजींनी तांब्यातले चार थेंब त्या ताटलीवर शिंपडले. कोरडी असताना राखेसारखी दिसणारी ती माती पाहता पाहता काजळासारखी काळी झाली. “काळी म्हणता, पण काळी ती पावसात. उन्हाळ्यात आमचं रान उंदराच्या पाठीसारखं असतं,” असे म्हणून त्यांनी पदराला हात पुसला. या उपमेहून नेमका रंग आम्हांला आमच्या वीस अंकांच्या पट्टीवरही सापडला नाही.

पुढे ग्रंथालयातील एका पुस्तकात आम्हांला असे आढळले, की अल्बर्ट मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकला-अध्यापकाने १९०५ साली रंगांची मोजणी कशी करावी याविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. रंगाची जात कोणती, तो किती उजळ आणि किती भडक, अशा तीन मापांनी तो प्रत्येक रंग नोंदवितो. मृदाशास्त्रज्ञ आजही त्याच पद्धतीच्या तक्त्याशी मातीचे ढेकूळ ताडून पाहतात, आणि नोंद करताना माती ओली की कोरडी हे आवर्जून लिहितात. आजींनी तक्ता पाहिलेला नव्हता. त्यांचा प्रश्न मात्र तोच होता.

तेव्हा रंग ठरविण्यापूर्वी महिना ठरविणे भाग झाले. दूधसागराला पाणी हवे, म्हणजे उन्हाळा बाद. भर श्रावणात पश्चिमेकडे उघडी जमीन दिसतच नाही, सर्व हिरवे. मग मातीचा एवढा खटाटोप कशाला? बरीच घासाघीस होऊन आम्ही आश्विन महिना निवडला. आश्विनात धबधबा वाहता असतो. खानापूर-लोंढ्याकडे भात पिवळे पडू लागलेले असते, परंतु बांध तांबडे दिसतात. आणि पूर्वेकडे शाळूच्या पेरणीसाठी काळे रान कुळवून उघडे केलेले असते. वर सुकलेले, तासात ओलसर. एकाच शेतात दोन काळे रंग! ज्या मित्राचे ते रान होते, त्याने कुळवाच्या रेषा जुन्या कंगव्याने ओढल्या, आणि तासांच्या तळाशी थोडी काजळी फिरविली. आमच्या मते सबंध फळीवर त्याहून अधिक खरी जागा नाही.

भातशेतांनी मात्र चकविले. तांबड्या मुलखातील खाचरांत चिखलही तांबडाच असणार, असे कोणीही म्हणेल. लोंढ्याकडून आणलेला खाचरातील चिखल करडा निघाला, आणि त्यात भाताच्या मुळांभोवती गंजाच्या बारीक नारिंगी रेघा होत्या. पाणी साचून राहिले, की मातीतील लोहाला हवा मिळत नाही आणि त्याचा तांबडेपणा जातो. मुळांच्या वाटेने जेथे हवा पोचते तेथे तो पुन्हा येतो, असे सरांनी समजाविले. त्यानुसार बांध तांबडे व खाचरे करडी केली. हे पाहून मागील बाकावरील काहींनी “येथे सिमेंट सांडले काय?” असे विचारले, त्यांच्याकडे लक्ष देण्यास आम्हांला सवड नव्हती.

आता कृतीविषयी थोडेसे. पुढील वर्षी कोणी हे काम हाती घेतले, तर त्यांच्या उपयोगी पडेल.

रानातील माती जशीच्या तशी फळीवर घालता येत नाही. आमच्या प्रमाणात १ मिलिमीटरचा खडा म्हणजे ८७ मिलिमीटरांचा धोंडा! रुळांखालची खरी खडी सुमारे ५० मिलिमीटरांची असते. ती आमच्याकडे अर्ध्या मिलिमीटराहून किंचित मोठी, म्हणजे बारीक रव्याएवढी हवी. खडीसाठी रव्याची चाळण पुरली. शेतासाठी माती मैद्याच्या चाळणीतून आणि पायवाटेसाठी वस्त्रगाळ करून घेतली. त्यानंतर कागदात गुंडाळलेला चुंबक मातीतून फिरवावा. तांबड्या मातीतून इतके काळे केसाळ कण निघाले, की चुंबकाला मिशा फुटल्या. ते तसेच राहिले, तर इंजिनातील मोटारीचे चुंबक त्यांना ओढून घेते आणि गाडी अडते.

मातीतील किडे व बी मरावे म्हणून ती तव्यावर भाजावी, असे कित्येक पुस्तकांत सांगितलेले असते. सरांनी मुद्दाम पिवळसर मातीच्या दोन वाट्या घेतल्या. एक उन्हात वाळविली व दुसरी तापलेल्या तव्यावर परतली. थोड्याच वेळात दुसरी विटेसारखी लाल झाली. पिवडीतील लोहाच्या गंजात पाणी बांधलेले असते. अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे ते निघून जाते आणि पिवळ्याचे तांबडे होते. खानापूरकडच्या भट्टीत कौले व विटा लाल होतात, त्याच्या मुळाशी हेच. म्हणून रंग राखावयाचा असेल, तर चार दिवस कडक उन्हात वाळवावे, तवा नको.

फळीवर प्रथम मातीच्याच जातीच्या रंगाचे अस्तर द्यावे, म्हणजे कोठे विरळ पडले तरी पांढरा प्लास्टर डोळा मारीत नाही. वरून माती भुरभुरावी. पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तो मातीवर मण्यांसारखा न थांबता आत झिरपतो. मात्र हा डिंक सुकल्यावरही माती मूळच्यापेक्षा गडदच राहते. आम्ही हाताएवढ्या तुकड्यांवर पडताळा घेतला, तेव्हा प्रत्येक रंग एकदोन पायऱ्या खाली उतरला. त्यात आणखी उजेडाची भर. दुपारच्या उन्हाचा उजेड मोजला, तर तो एक लाख लक्सच्या घरात जातो. खोलीत तो चारपाचशे असला तरी पुष्कळ. उन्हातली माती जशीच्या तशी खोलीत आणली, तर ती अंधारलेली वाटणारच. शिवाय आगगाडी ८७ पट लहान म्हणजे आपण ती दुरून पाहत आहो. आणि दूरची वस्तू हवेमुळे फिकट व निळसर दिसते. यास्तव मातीत थोडी राख व चुना मिसळून ती उजळ केली, मागील डोंगरासाठी अधिक आणि पुढील बांधासाठी कमी. सर्व रंग प्रदर्शनाच्या दालनातील नळीदिव्यांखालीच नक्की केले, कारण त्या उजेडात तांबडा रंग दिवसा दिसतो तसा राहत नाही.

राहिला घाट. त्याचा आराखडा करताना कॅसल रॉकखालील कटिंगच्या दोन्ही भिंती लालभडक दाखविण्याचे योजिले होते. लाल कडे, हिरवे रान व पांढरा धबधबा. प्रेक्षक खूष होतील यात कोणालाच शंका नव्हती. रंग कालविण्यापूर्वी गुंजीकडच्या मैत्रिणीने आपल्या आजोबांना तो आराखडा दाखवावा असे सुचविले. त्यांनी घाटात बरीच वर्षे कीमन म्हणून काम केले आहे. हातोडा व झेंड्या घेऊन आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासावयाचा, हे कीमनचे काम.

आजोबांनी चष्मा पुसून कागद बराच वेळ पाहिला. “पोरांनो, हे एवढं लाल कुठून काढलंत?” ते म्हणाले. “घाटातला कडा काळा असतो. शेवाळ, नेचे, वर पाणी. काळा आहे म्हंजे बरा आहे. लाल दिसला म्हंजे सुटलाय. सकाळी वळणावरनं लाल दिसलं की पोटात गोळा यायचा आमच्या.”

मग त्यांनी सांगितले, की पावसाळ्यात काल काळ्या असलेल्या जागी आज हातभर लाल पट्टा दिसला, तर तेथून माती सुटली असे समजावयाचे. आणि अधिक विचार न करता लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेने धावावयाचे. जुलै २०२१मध्ये दूधसागरजवळच्या घाटात दरड कोसळून मंगळूरहून मुंबईकडे निघालेल्या गाडीचे इंजिन व डबा रुळांवरून घसरला होता. ती बातमी वाचल्यावर आपण रात्रभर जागे होतो, असेही ते बोलता बोलता म्हणाले. खडीविषयीही त्यांनी एक दुरुस्ती केली. नवी खडी करडी असते. परंतु उतारावर गाड्या ब्रेक दाबीत येतात, ब्रेकच्या ठोकळ्यांचा व चाकांचा लोखंडी कीस खाली पडून गंजतो, आणि काही दिवसांत खडी तांबूस होते. चढावर आणि उतारावर एकच करडा रंग लावाल, तर जाणता मनुष्य हसेल.

परत आल्यावर आमच्यात दोन तट पडले. काळा कडा कोणाच्या नजरेत भरणार नाही, परीक्षकांना तो अपुरा वाटेल, असे तिघांचे म्हणणे. आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. बाकीच्यांचे म्हणणे एवढेच, की आजोबा प्रदर्शनाला येणार आहेत. मतमोजणीची वेळ आली नाही. कडा काळा झाला. काजळी, राख व किंचित पिवडी यांचे पाणी वरून सोडले. वाळविलेल्या चहाच्या चोथ्याचा पाचोळा केला, आणि हिरव्या रंगात भिजविलेल्या भुशाचे शेवाळ बसविले. तिसऱ्या वळणावर मात्र काव भरपूर घातलेला, अंगठ्याच्या नखाएवढा, ओला लाल डाग ठेवला. त्याच्याखाली रुळाच्या कडेला २ सेंटिमीटर उंचीचा एक मनुष्य उभा केला, आणि त्याच्या हातात लाल कागदाची झेंडी दिली.

प्रदर्शनाच्या दिवशी बहुतेक गर्दी धबधब्यापाशी होती. गाडी त्या वळणाअलीकडे येऊन अर्धा मिनिट थांबत असे, तेव्हा बिघाड झाला असे समजून पुष्कळजण पुढे निघून जात. आजोबा आले ते गाडीकडे न पाहता कटिंगकडे वाकले. लाल डाग त्यांना आम्ही दाखवावा लागला नाही. त्यांनी तो पाहिला, झेंडीवाल्याकडे पाहिले, आणि “याला जरा अजून वर उभा करा, वळणापलीकडनं ड्रायव्हरला दिसला पाहिजे,” एवढेच म्हणाले. आम्ही तो दुपारच्या सुट्टीत दीड इंच वर सरकविला.

उरलेली माती सात बाटल्यांत भरून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. प्रत्येकीवर गाव, महिना आणि ‘कोरडी’ हा शब्द लिहिला आहे. काळ्या मातीची बाटली जवळजवळ संपली आहे. नवी आणावयाची झाल्यास मृगापूर्वी आणावी. पाऊस पडल्यावर ती चाळणीत चिकटते.